नौपाड्यातली जुनी लॅब, जिथे मला माझंच रक्त दाखवलं

मी ठाण्यात कोपरीत राहते, घरीच ब्लाऊज शिवते. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा हंगाम. यंदा नेमकं त्याच दिवसांत, मंगळवारी रात्री पैठणीच्या ब्लाऊजला अस्तर जोडताना मशीनची सुई डाव्या तर्जनीत नखाशेजारून आरपार गेली. रक्त आलं, हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि पुन्हा कामाला बसले. बुधवारी बोट लाल झालं. गुरुवारी इतकं ठणकायला लागलं की हात खाली सोडवेना. रात्री हुडहुडी भरली, थर्मामीटर लावला तर १०२. काखेत चाचपलं तर सुपारीएवढी दुखरी गाठ. माझी आई असती तर म्हणाली असती, अवधाण आलंय.

शुक्रवारी सकाळी आमच्या डॉक्टरांनी बोटाला चीर देऊन पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधीच पुवाचा नमुना नळीत भरून माझ्या हातात दिला. सोबत चिठ्ठी: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शुगर, आणि पू कल्चर म्हणजे पुवातला जंतू वाढवून बघायचा. "घंटाळीजवळच्या लॅबमध्ये जा, तिथल्या मॅडम स्वतः काच बघतात," एवढंच म्हणाले. काच म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला आले, रिक्षा केली. लॅब जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. पाटीवरचा रंग उडालाय, 'पॅथॉलॉजी लॅबोरेटरी' एवढंच धड वाचता येतं. जिना अरुंद, लिफ्ट नाही, एका हाताने कठडा धरून चढावं लागलं. हे आधीच सांगते, कारण गुडघेदुखीच्या माणसाला इथे नेणं सोपं नाही.

काउंटरवरच्या मुलीने नाव-वय लिहून घेतलं आणि विचारलं, "ताप येऊन किती दिवस झाले?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला ताप आला तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही दुसऱ्याच दिवशी डेंग्यूची अँटीबॉडी तपासली. निगेटिव्ह आली, आम्ही निर्धास्त झालो आणि पाचव्या दिवशी त्याच्या प्लेटलेट घसरल्या. डेंग्यूच्या अँटीबॉडी रक्तात दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात, सुरुवातीला एनएस१, म्हणजे त्या विषाणूचंच प्रथिन शोधणारी चाचणी करायची असते, हे तिथे आम्हाला कोणी सांगितलं नाही. इथे पैसे घेण्याआधी दिवस विचारतात.

उजव्या हातातून रक्त घेतलं, एका टोचण्यात. थोडं जांभळ्या झाकणाच्या बाटलीत, थोडं करड्या. बाहेर पाऊस कोसळत होता, माझ्याशिवाय कोणी पेशंट नव्हतं. मॅडम आतून आल्या, साठीच्या असतील, चष्मा कपाळावर. मी सहज विचारलं, "मॅडम, एवढ्याशा सुईने माणसाला १०२ ताप कसा येतो हो?" त्या म्हणाल्या, "थांबायला वेळ आहे का ताई? दाखवते."

आतल्या दादांनी जांभळ्या झाकणाच्या बाटलीतला एक थेंब काचेच्या टोकाशी ठेवला, दुसरी काच तिरकी टेकवून झरकन पुढे सरकवली. जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा झाला, वाळल्यावर फिकट तपकिरी. त्यावर लिशमन नावाचा जांभळा रंग ओतला, काही मिनिटांनी पाणी, मग नळाखाली धुऊन काच उभी करून ठेवली. वाळल्यावर तेलाचा एक थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाची शेवटची, सगळ्यात मोठी भिंग त्या तेलात टेकवली.

मी डोळा लावला. गुलाबी चकत्याच चकत्या, मधे फिकट, जणू बटणं पसरलीत. त्या तांबड्या पेशी. आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्या जवळजवळ दुप्पट मोठी, एक पेशी: आत जांभळी तीन-चार गाठोडी, एकमेकांना बारीक धाग्याने जोडलेली. तो धागा मला स्पष्ट दिसला. "हा न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींमधली एक जात," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बोटाकडे सगळ्यात आधी धावलेला." एका नजरेत असे सहा-सात दिसत होते. एरवी एखाददुसराच सापडतो म्हणे. काहींमध्ये गाठोडी नव्हती, नुसती घोड्याच्या नालेसारखी वाकलेली पट्टी होती. ते कच्चे, वयात न आलेले. मागणी वाढली की हाडांतला मगज त्यांनाही लवकर बाहेर सोडतो. हे मला लगेच कळलं. गणपतीत मीसुद्धा हेमिंगला शिकाऊ मुली बसवते.

मग त्यांनी शेजारी बसवून सगळं सांगितलं. कातडी हीच पहिली भिंत, तिला सुईने भोक पडलं. कातडीखालच्या काही पेशींनी हिस्टामिन नावाचं रसायन सोडलं, त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि सैल झाल्या. म्हणून लाली, म्हणून ऊब, म्हणून सूज. न्यूट्रोफिल वाहत्या रक्तातून वाहिनीच्या भिंतीला चिकटत, लोळत येतात आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. कापडाचा धागा न तोडता सुई विणीतून जाते, अगदी तसं. बाहेर आले की जंतूंनी आणि दुखावलेल्या पेशींनी सोडलेल्या रसायनांचा माग काढत तिथवर पोचतात आणि जंतू गिळतात. गिळून भागलं नाही तर स्वतःच्या केंद्रातला डीएनए उसवून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकवतात. हे जाळं शास्त्रज्ञांनी २००४ साली पहिल्यांदा नोंदवलं. ज्या धाग्यांनी ती गाठोडी बनलेली, तेच धागे शेवटी जाळं होतात, हे ऐकून मी पुन्हा एकदा भिंगात बघून आले.

डॉक्टरांनी काढलेला पू म्हणजे याच पेशींची मढी. मी तो घाण म्हणून कापसाने पुसत होते. निरोगी माणसाचा मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो आणि रक्तात ते दिवसभरही टिकत नाहीत.

तापाचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळालं. लढणाऱ्या पेशी रक्तात जे निरोप सोडतात, त्यांनी मेंदूतल्या उष्णतेच्या केंद्राचा काटा वर सरकतो. काटा १०२ वर गेला आणि अंग अजून ९९ वर असलं की मेंदूला वाटतं आपण गारठलोय, म्हणून ती हुडहुडी. आणि काखेतली गाठ? जंतूचे तुकडे घेऊन काही पेशी तिथे जातात, त्या तुकड्याला नेमका बसणारा लढवय्या तिथे निवडला जातो आणि त्याच्या हजारो प्रती निघतात. म्हणून ती फुगते, दुखते.

जंतू गिळणाऱ्या पेशींचं काम ज्याने ओळखलं, त्या मेचनिकॉव्हची गोष्टही मॅडमनी सांगितली. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे या रशियन माणसाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. १९०८ चं नोबेल त्याला एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञासोबत मिळालं. त्याचाच विद्यार्थी हाफकिन. १८९७ च्या प्लेगात याने मुंबईत लस केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून मी कितीदा बसने गेलेय, नावामागे माणूस आहे हे माहीत नव्हतं.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी सहाला मिळाला. पांढऱ्या पेशी १६,४०० (नेहमीच्या ४,००० ते ११,०००), न्यूट्रोफिल ८६ टक्के. खाली मॅडमच्या अक्षरात दोन ओळी, कच्च्या पेशी दिसल्या म्हणून. शुगर ठीक निघाली. ती का बघतात तेही कळलं: साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात, म्हणून मधुमेही माणसाची जखम चिघळते.

कल्चरला दोन दिवस लागतात, ते घाई करत नाहीत. सोमवारी गेले तेव्हा काचेची बशी दाखवली. पिवळसर थरावर औषधाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या, काहींभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ. तिथे जंतू वाढू शकला नव्हता, म्हणजे ते औषध लागू. दोन टिकल्यांभोवती अजिबात वर्तुळ नव्हतं. माझी चालू गोळी वर्तुळवाल्यांत होती. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, भिंगात जांभळ्या द्राक्षांच्या घडासारखा.

मी विचारलं, आता हा परत त्रास देणार नाही ना, गोवरासारखं? त्या स्पष्ट म्हणाल्या, नाही, याची तशी खात्री नसते. अँटीबॉडीने एका टोकाने जंतू पकडायचा आणि शेपटीकडून गिळणाऱ्या पेशीच्या हाती द्यायचा असतो. हा जंतू अंगावरच्या एका प्रथिनाने ती शेपटीच धरून ठेवतो, अँटीबॉडी उलटी लटकते. ब्लाऊजचा हुक उलटा शिवला तर काजात अडकतच नाही, तसं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या आठवड्यात एका दुकानदाराने मला 'इम्युनिटी वाढवणारं' सिरप साडेतीनशे रुपयांना दिलं होतं. मॅडमना बाटली दाखवली. त्या म्हणाल्या, "वाढवायची कशाला? ती बेतात लागते." माझ्या जावेला आमवात आहे. तिची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तिच्या सांध्यांवर उठलीय, बोटं वाकडी झालीत. हे मी रोज डोळ्यांनी बघते आणि तरी बाटली घेतली होती. घरच्यांनाही आता निक्षून सांगितलंय.

खर्च: सीबीसी ३००, शुगर ८०, कल्चर ८००. यूपीआय चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवतात, पण उशिरा, त्यामुळे जाऊन आणलेला बरा. घरी येऊन रक्त घेत नाहीत. गाडी लावायला जागा नाही. रविवारी बंद. गर्दीच्या वेळी, सकाळी आठ ते दहा, मॅडमकडे बोलायला वेळ नसतो, दुपारी चारनंतर जा.

आठ दिवसांनी पुन्हा सीबीसी केली. पांढऱ्या पेशी ७,९०० वर आल्या होत्या. मॅडमनी काच परत दाखवली, यावेळी माझ्या मुलीलाही. तिने बराच वेळ डोळा हलवला नाही. गुलाबी बटणांमध्ये एकच न्यूट्रोफिल होता, चार पक्क्या गाठोड्यांचा, आणि थोड्या अंतरावर गोल, जांभळ्या मण्यासारखा एक लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचीच दुसरी जात.