जुनी बेटकास्टिंग रिळे: आपल्या तलावांसाठी कोणते निवडावे?

मराठवाड्यातील तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यावर गळ टाकणारा माणूस आपले पहिले चांगले बेटकास्टिंग रीळ घ्यायला निघतो, तेव्हा तेवढ्याच पैशांत मिळणारे नवे, हलके रीळ घ्यावे की तीस-चाळीस वर्षांपूर्वी बनलेले आणि कोणाच्या तरी पेटीत पडून राहिलेले जुने रीळ शोधावे, असा प्रश्न त्याला पडतोच. माझा कल जुन्याकडे आहे. म्हणून या लेखात स्वीडनच्या अबू कंपनीचे अँबॅसडर, जपानच्या शिमानोचे हिरवे कुराडो २००बी आणि जपानच्याच डायवाची १९८० च्या दशकातील चुंबकी ब्रेकची मॅगफोर्स रिळे, अशा तीन जुन्या घराण्यांची तुलना मी करीत आहे. रीळ किती दूर फेकते, यापेक्षा ते बिघडल्यावर परभणीत किंवा बीडमध्ये बसून दुरुस्त होते का, ही कसोटी मी वरची मानली आहे.

या कसोटीमागे अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी येलदरी धरणाच्या पाण्यावर एका मोठ्या शिवडा माशाने दोर ओढली आणि माझ्या जेमतेम दोन हंगाम वापरलेल्या नव्या रिळाच्या मुख्य गिअरचे दात झिजून गेले. तो सुटा भाग मिळत नाही, पूर्ण रीळच बदलावे लागेल, असे उत्तर मला मिळाले. त्याच संध्याकाळी मी आखाती देशातून परतलेल्या मामांनी दिलेले काळे अँबॅसडर ६५००सी काठीला बांधले. पुढे त्याच्या क्लिकची, म्हणजे दोर ओढली जाताच आवाज करणाऱ्या खटक्याची, स्प्रिंग तुटली, तेव्हा परभणीतील एका घड्याळजीने पोलादी पट्टीतून तशीच स्प्रिंग वाकवून दिली आणि ती आजही काम करते.

घड्याळजीच्या हाताला हे काम जमावे, यात नवल नाही. दोर गुंडाळताना मुठीच्या एका फेऱ्यात स्पूलच्या, म्हणजे दोर जिच्यावर गुंडाळली जाते त्या चरखीच्या, अनेक फेऱ्या देणारी रिळे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने बनवली. स्वीडनमधील स्वँग्स्टा येथे १९२१ साली सुरू झालेली अबू ही कंपनीही मुळात घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवीत असे. महायुद्धामुळे मीटरची मागणी आटल्यावर ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रिळांकडे वळली आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिने अँबॅसडर ५००० बाजारात आणले. ही रिळे उघडून पाहिल्यावर मीटर बनवणाऱ्या हातांची शिस्त आतल्या भागांत दिसते.

तुलनेपूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर राहते आणि दोर त्यावरून सुटत जाते. बेटकास्टिंग रिळात मात्र आमिष जाताना स्पूल स्वतः फिरते. आमिष हवेत मंदावले आणि स्पूल त्याच वेगाने फिरत राहिले, तर सुटलेली दोर आतच फुगते आणि गुंता होतो. हा गुंता टाळण्यासाठी अंगठा आणि ब्रेक दोन्ही लागतात. या तिन्ही रिळांतील खरा फरक ब्रेकच्या रचनेत आहे.

अँबॅसडरमध्ये केंद्रापसारी ब्रेक असतो. स्पूलजवळच्या बारीक सळ्यांवर छोटे ठोकळे बसवलेले असतात. स्पूल वेगाने फिरले की ते बाहेर सरकून कड्याला घासतात आणि वेग कमी झाला की घर्षण आपोआप ओसरते. फेकीच्या पहिल्या क्षणी, जेव्हा गुंता होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हाच हा ब्रेक सर्वाधिक लागतो. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकून आहे. अडचण एवढीच की ठोकळ्यांची संख्या बदलायची तर बाजूची झाकणपट्टी काढावी लागते. तिचे स्क्रू खाचेदार आणि हाताने फिरवता येणारे असल्यामुळे हे काम काठावर बसून दोन मिनिटांत होते, पण स्क्रू गवतात पडू नये म्हणून खाली रुमाल अंथरण्याची सवय लावून घ्यावी.

या घराण्यातील क्रमांक समजून घेतले की निवड सोपी होते. ५००० आणि ५५०० यांचे स्पूल अरुंद, तर ६००० आणि ६५०० यांचे रुंद असते. ५००० व ६००० यांचा गिअर संथ, ३.६ ला १ असा (म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात स्पूलच्या ३.६ फेऱ्या) असतो, तर जुन्या ५५०० व ६५०० यांचा ४.७ ला १ असतो. क्रमांकापुढील ‘सी’ हे अक्षर स्पूल बॉल बेअरिंगवर फिरते असे सांगते. ते नसेल तर आत कांस्य बुशिंग, म्हणजे गोळ्या नसलेली साधी कडी, असते. बुशिंगचे रीळ थोडे जड फिरते, पण गाळ आणि उपेक्षा दोन्ही जास्त सहन करते. शेवटचा आकडा १ असेल, उदाहरणार्थ ६५०१सी, तर ते डाव्या हाताने गुंडाळण्याचे रीळ असते. १९७० च्या दशकापासूनच्या अनेक रिळांच्या पायावर सहा आकडे कोरलेले असतात. पहिल्या दोनांतून वर्ष आणि पुढच्या दोनांतून महिना कळतो. विकणारा सांगतो ते वय खरे आहे का, हे पाहण्याचा हा उत्तम उपाय आहे.

अँबॅसडरचे सर्वांत मोठे बळ म्हणजे त्याची रचना दशकानुदशके फारशी बदलली नाही. एका काळातील ब्रेकचे ठोकळे, दोर पसरवणारी खिळी किंवा मूठ दुसऱ्या काळातील रिळाला बहुधा बसते. ५५००सी आणि ६५००सीच्या स्पूलची बेअरिंगे आतून ३ मिमी, बाहेरून १० मिमी आणि ४ मिमी जाडीची, म्हणजे सर्वमान्य मापाची असल्याने मोठ्या शहरातील बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकतात. उणिवाही मी लपवत नाही. ही रिळे गोल, उंच आणि पाव किलोहून जड असतात, त्यामुळे दिवसभर सतत फेकायचे झाले तर मनगट भरून येते. उलट फिरणे रोखणारा खटका जुन्या पद्धतीचा असल्याने मूठ किंचित मागे सरकते. सुमारे दहा ग्रॅमपेक्षा हलके आमिष हे वजनदार स्पूल नीट फिरवू शकत नाही. मासा जोरात ओढू लागला की दोर ताणाखाली सुटू देणाऱ्या जुन्या ड्रॅगच्या चकत्या कडक झालेल्या असतात, पण त्या जागी कार्बनच्या चकत्या बसवल्या की रीळ मोठ्या माशापुढे पूर्वीपेक्षा अधिक समजूतदारपणे वागते.

शिमानोचे कुराडो २००बी हे अगदी वेगळ्या पिढीचे आहे. १९९० च्या दशकातील या हिरव्या जपानी रिळाचे अंग बुटके आणि तळहातात मावणारे आहे. अंगठा स्पूलवर सहज टेकतो. ब्रेक येथेही केंद्रापसारीच आहे, पण त्यात सहा छोटे तुकडे असून प्रत्येक तुकडा बोटाने आत किंवा बाहेर सरकवून चालू अथवा बंद करता येतो, त्यामुळे वाऱ्याप्रमाणे आणि आमिषाच्या वजनाप्रमाणे बारीक जुळणी साधते. ६.२ ला १ हा गिअर वेगवान आहे. भरलेल्या स्पूलचा घेर सुमारे ११ सेंटिमीटर धरला, तर मुठीच्या एका फेऱ्यात ३.६ च्या रिळावर सुमारे ४० सेंटिमीटर, ४.७ च्या रिळावर सुमारे ५२ आणि ६.२ च्या रिळावर सुमारे ६८ सेंटिमीटर दोर आत येते. शेवाळावर ओढलेल्या रबरी बेडकावर मरळ झेपावते आणि दोर ढिली असते, तेव्हा हा फरक मासा गळाला लागण्यात आणि निसटण्यात दिसतो.

कुराडोची मर्यादा त्याच्या सुखसोयींतच आहे. मूठ जराही मागे सरकू नये म्हणून त्यात बारीक रोलरचा क्लच असतो. तो कोरडा व स्वच्छ ठेवावा लागतो आणि त्यात चुकून ग्रीस गेले तर रीळ ऐन वेळी उलटे फिरू लागते. शिवाय त्याचे खास सुटे भाग अँबॅसडरइतके सर्वत्र मिळत नाहीत. म्हणून हे रीळ घ्यायचे असेल तर कमी वापरलेले पाहूनच घ्यावे. शिमानोनेच कलकत्ता या नावाची गोल रिळेही काढली. आपल्या देशातील शहराचे नाव मिरवणारी, ॲल्युमिनियमच्या अखंड चौकटीची ही रिळे मला मनापासून आवडतात, पण चांगल्या स्थितीतील जुने कलकत्ता स्वस्तात हाती लागत नाही आणि या लेखाचा विषय उपेक्षित रिळे हा असल्याने त्यांच्यावर येथे अधिक लिहीत नाही.

डायवाच्या प्रोकास्टरसारख्या मॅगफोर्स रिळांत ब्रेकला कशाचा स्पर्शच होत नाही. लोहचुंबक ॲल्युमिनियमला ओढत नाही, परंतु ॲल्युमिनियमचे स्पूल चुंबकाजवळून फिरले की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते त्या फिरण्याला विरोध करतात. वेग जितका जास्त, तितका विरोध जास्त. बाहेरच्या चकतीने चुंबकाचा प्रभाव कमी-अधिक करता येतो, झाकण काढावे लागत नाही. नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे आणि बेटकास्टिंग शिकताना मी स्वतः अशाच रिळावर हात बसवला.

मात्र आपल्या भागात या रिळाची एक अडचण आहे, जी इतरत्र फारशी जाणवणार नाही. आपण शाळेत असताना लोहचुंबक वाळूत फिरवून त्याला चिकटलेले काळे कण कागदावर झटकायचो. ते कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे असतात आणि दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून ते आपल्या नद्यांच्या वाळूत उतरतात. पूर्णा किंवा गोदावरीच्या पात्रात रीळ वाळूवर ठेवले, तर हेच कण आत शिरून चुंबकाला चिकटतात आणि स्पूल व चुंबक यांच्यातील बारीक फटीत खरवड सुरू होते. ब्रश किंवा कापड त्यांना पुरतेपणी काढत नाही. चिकटपट्टी दाबून उचलणे हाच उपाय मला लागू पडला. या वर्गातील काही जुन्या रिळांचे सुटे भाग मिळवणेही कठीण आहे. त्यामुळे शिकण्यासाठी उत्तम, पण एकमेव रीळ म्हणून नको, असे माझे मत आहे.

आता निवडीकडे वळतो. पाझर तलाव आणि गावतळ्यांच्या काठाने चालत, दहा ते पंधरा ग्रॅमचा बेडूक शेकडो वेळा फेकून मरळ शोधणे हाच आपला मुख्य छंद असेल, तर निःसंकोचपणे कुराडो घ्यावे. येलदरी, माजलगाव किंवा मांजरा यांसारख्या मोठ्या जलाशयावर शिसे लावून तळाशी आमिष ठेवायचे आणि रोहू, कटला किंवा शिवड्याची वाट पाहायची असेल, तर ६५००सी इतके विश्वासाचे दुसरे रीळ मला माहीत नाही. त्याची क्लिक चालू ठेवून काठी टेकवली की मासा दोर ओढताच आवाज येतो आणि ड्रॅग योग्य जुळवलेला असेल तर पाण्यात बुडालेल्या बाभळींकडे धावणारा मासा वळवता येतो. दोन्ही प्रकार करायचे आणि रीळ मात्र एकच घ्यायचे असेल, तर ५५००सी घ्यावे; ते कुराडोइतके चपळ नाही आणि ६५००सीइतकी दोरही सामावत नाही, पण बारा ग्रॅमचा बेडूकही फेकते आणि मध्यम आकाराचा शिवडाही ओढते.

पाणी निवडताना एवढे लक्षात ठेवावे की महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांवरील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे त्यांची परवानगी आधी घ्यावी. आणि पैठणचा नाथसागर हे पक्षी अभयारण्य असल्याने तेथील नियम अधिक कडक आहेत.

जुने रीळ हातात आल्यावर बाहेरच्या ओरखड्यांकडे पाहून किंमत ठरवू नये. स्पूल मोकळे सोडून बोटाने फिरवावे. ते एका जागी अडखळत असेल तर बेअरिंग गेले आहे, आणि तो खर्च किरकोळ असतो. स्पूल डोलत चौकटीला घासत असेल तर मात्र चौकट वाकलेली असण्याची शक्यता असते आणि असे रीळ परत करावे. मग मूठ सावकाश फिरवत दोर पसरवणारा मार्गदर्शक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो का ते पाहावे. तो टोकाला अडकून परत फिरत नसेल तर त्याखालची खिळी झिजली आहे. आपल्या काळ्या मातीच्या गाळामुळे हाच भाग सर्वांत आधी झिजतो. अँबॅसडर असेल तर झाकण उघडून ब्रेकचे ठोकळे जागेवर आहेत का ते मोजावे, कारण ते हरवलेले रीळ पहिल्याच फेकीत गुंता करते. शेवटी ड्रॅग अर्धा आवळून दोर हाताने ओढावी: ती सलग सुटली पाहिजे, धक्क्याधक्क्याने नव्हे.

घरी आणल्यावर जुने ग्रीस रॉकेलने धुवून काढावे, गिअरला नवे ग्रीस आणि स्पूलच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. ही रिळे तंगूसच्या, म्हणजे नायलॉनच्या एकसंध दोरीच्या, काळातील आहेत. वेणीची (धागे विणून केलेली) बारीक दोर थेट स्पूलवर गुंडाळली तर ती ओढ लागताच स्पूलभोवती घसरते, म्हणून आधी तंगूसचे दहा-बारा वेढे घालावेत, त्याला वेणीची दोर जोडावी आणि स्पूल काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच भरून थांबावे.