पितळी अंग, ॲल्युमिनियमचा कोन: रेझोनेटर गिटारबरोबरचे अकरा महिने

गेल्या आषाढात ही गिटार घरी आली आणि आता ज्येष्ठ संपत आलाय. एक अख्खा पावसाळा, एक थंडी आणि डोंबिवलीचा एक उन्हाळा तिने माझ्या घरात काढला. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर आणि रविवारी दोन-तीन तास, एवढा वापर झालाय. त्याआधी अठरा वर्षं मी साधी लाकडी अकूस्टिक वाजवत होते. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टाचे जुने ब्लूज ऐकताना 'हा आवाज नक्की येतो कुठून?' असा प्रश्न ज्यांना पडला असेल आणि म्हणून रेझोनेटर, म्हणजे आत धातूचा कोन असलेली गिटार, घ्यायचं ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वस्तू. अंग पितळेच्या पत्र्याचं, वरून निकेलचा मुलामा. मान बाराव्या पडद्याशी अंगाला मिळते. आत साडेनऊ इंच व्यासाचा एकच कोन. घाट नॅशनल या अमेरिकन कंपनीच्या १९३० साली आलेल्या स्टाइल ओ चा, बनावट चिनी. ब्रँडचं नाव देत नाही, कारण याच घाटाच्या गिटारी अनेक नावांनी विकल्या जातात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. वजन साडेतीन किलोच्या वर. उभ्याने वाजवायची असेल तर रुंद पट्टा हवाच. अरुंद पट्ट्याने माझा खांदा आठवडाभर धरला होता.

मी ती मोठ्या आवाजासाठी घेतली. मुळात तिचा जन्मही त्यासाठीच झाला. १९२०च्या दशकात नाचाच्या बँडमध्ये बँजो आणि तुताऱ्यांपुढे गिटार ऐकूच जायची नाही, आणि तारांचं कंपन विजेत बदलणारे पिकअप अजून यायचे होते. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा एक वादक हवाईयन पद्धतीने, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचा. त्याला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. ती जॉन डोपेरा या स्लोव्हाकियातून आलेल्या कारागिराने बनवली. नॅशनलच्या १९२७ सालच्या त्या पहिल्या गिटारीत ॲल्युमिनियमचे तीन छोटे कोन होते. लवकरच डोपेरा नॅशनलमधून वेगळा झाला आणि भावांबरोबर त्याने 'डोब्रो' ही कंपनी काढली. डोपेरा ब्रदर्स या नावाचा तो संक्षेप, शिवाय स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं. डोब्रो गिटारीत कोन वाडग्यासारखा उताणा असतो आणि त्यावर कोळ्यासारखा आठ पायांचा धातूचा सांगाडा बसवलेला असतो. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीत ऐकू येते ती ही. माझ्या गिटारीत कोन पालथा आहे, त्याच्या टोकावर बिस्किटाएवढी लाकडी चकती आणि चकतीवर घोडी. तिचं नावच 'बिस्किट ब्रिज'. तारेचं कंपन घोडीतून थेट कोनात उतरतं आणि कोन लाउडस्पीकरसारखा हवा ढकलतो. बीचम पुढे विजेच्या गिटारच्या पहिल्या प्रयोगांतही होता, म्हणजे ज्याच्या हट्टापायी ही गिटार जन्मली त्याच्याच हातून तिची गरज संपायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला या धातूच्या गिटारी बनायच्या थांबल्या होत्या. तोवर नॅशनलची सगळ्यात स्वस्त, पोलादी पत्र्याची ड्युओलियन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रस्त्यावरच्या आणि जूक जॉइंटमधल्या (नाचगाण्याच्या अड्ड्यांवरच्या) वादकांच्या हाती पोचली होती. सन हाउस, बुका व्हाइट, ब्लाइंड बॉय फुलर या ब्लूज वादकांच्या हातात दिसतात त्या नॅशनलच.

आवाज मोठा आहे यात शंका नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच आठवड्यात वर आल्या. "अगं, वाजव की, छान वाजवतेस. फक्त नऊनंतर जरा हळू." तेव्हापासून रात्री घोडीजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवते. आवाज निम्म्याने उतरतो आणि बोटांचा सरावही चुकत नाही.

पण ही गिटार मी जिच्यासाठी ठेवली ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. लाकडी गिटारवर सूर छेडला की तो रेंगाळतो. इथे सूर ताडकन उठतो आणि लगेच विरतो. कोन तारेतली सगळी ताकद झटक्यात हवेत टाकतो, मागे उरतं थोडं. पहिला महिनाभर मला हे उणं वाटलं. वाटायचं, एवढे पैसे घातले आणि सूर टिकत नाही. मग सन हाउसच्या साठच्या दशकातल्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. हा माणूस १९३०मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी गायला, पुढे संगीतातून दिसेनासा झाला आणि १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सापडला. त्याचा उजवा हात तारांवर अक्षरशः कोसळतो, तार पडद्यावर आपटते, आणि लगेच शांतता. त्या शांततेत तो पुढची ओळ म्हणतो. गळ्याने विचारायचं, गिटारने उत्तर द्यायचं, आणि उत्तर संपलं की जागा रिकामी. लाकडी गिटारवर हेच वाजवताना मागचे सूर पुढच्या ओळीच्या अंगावर यायचे, सगळं गिचमीड व्हायचं, आणि मी दोष माझ्या हाताला द्यायचे. हात तोच आहे. वाद्य बदललं आणि गाण्यात श्वास घ्यायला जागा झाली.

सूर टिकवायचाच असेल तर स्लाइडने, म्हणजे बोटात घातलेल्या नळीने, तो हलवत ठेवावा लागतो, आणि इथे खरी मेहनत आहे. बोटाने वाजवताना पडद्याच्या अलीकडे दाबतो. स्लाइड बरोब्बर पडद्याच्या डोक्यावर यावी लागते, आणि दाबायची तर अजिबात नाही, नुसती टेकवायची. मागची बोटं तारेवर हलकी ठेवून स्लाइडमागची कुरकुर दाबायची. हे जमायला मला दिवाळी उजाडली. काचेची स्लाइड गोड वाजते, पितळेची जड पडते. शेवटी फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानातून पाऊण इंची तांब्याच्या नळीचा तुकडा कापून आणला, कडा कानसीने घासल्या, आणि आता करंगळीत तोच असतो. सन हाउसही तांब्याचाच तुकडा वापरायचा.

ट्यूनिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी घरात वाढलेल्या माणसाला इथे एक दार उघडं मिळतं. स्लाइड वाजवणारे ब्लूजवाले बहुतेक वेळा गिटार नेहमीच्या पद्धतीने लावत नाहीत. मोकळ्या तारांवरच पूर्ण कॉर्ड वाजेल अशी लावतात. ओपन डी म्हणजे जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डी हा षड्ज धरा: सा प सा ग प सा. ओपन जीमध्ये जी हा षड्ज: प सा प सा ग प. जाड तारांवर अंगठा सतत चालत राहतो आणि वरच्या तारांवर गाणं. अंगठा म्हणजे तानपुराच, फक्त ठेक्यात चालणारा. हे कळल्यावर मी कॉर्डच्या तक्त्यांचे कागद बाजूला ठेवले आणि सरगम म्हणत वाजवायला लागले. माझी प्रगती खरी इथून सुरू झाली.

आईने ते आतल्या खोलीतून ऐकलं. ती तीस वर्षं पेटीवर अभंग आणि भावगीतं शिकवत आली आहे. बाहेर येऊन म्हणाली, "तो गंधार कुठे लावतेस गं? कोमल नाही, शुद्धही नाही."

"तो तसाच लावतात, आई. दोन्हींच्या मधे."

"दरबारीतला गंधार झुलतो, पण तो कोमलाच्याही खाली झुकलेला असतो. हा शुद्धाकडे निघालाय आणि पोचतच नाही. पुन्हा वाजव."

ब्लू नोट म्हणजे काय याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. पेटीवर तो सूर नाही, पडद्यावर बोट दाबूनही तो नीट मिळत नाही. तार ओढावी लागते किंवा स्लाइड लागते. आईला गिटारवरची मींड नवी नव्हती. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काबरांनी १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये वाजवलेली गिटार आमच्या घरी कॅसेटवर असंख्य वेळा वाजली आहे. तीही मांडीवर आडवी ठेवून, सळईने वाजवलेली. गिटारवर सळई फिरवण्याची हवाई बेटांवरची रीत जगभर गेली आणि आपल्याकडेही पोचली. टाऊ मो हा हवाईयन वादक चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहत होता. मिसिसिपीत १९०३च्या सुमाराला टटवायलर स्टेशनवर डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराला एक माणूस तारांवर सुरी दाबून वाजवताना दिसला, असं त्याने लिहून ठेवलंय.

मग मी आईला ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' ऐकवलं. टेक्सासचा हा आंधळा माणूस रस्त्यावर भक्तिगीतं गायचा. डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला झालेल्या या ध्वनिमुद्रणात शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि कण्हणं आहे. गिटार आणि गळा एकमेकांच्या मागे जातात. त्याची गिटार रेझोनेटर नव्हे, साधी लाकडी. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर हे गाणं आहे, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आणि टेक्सासच्या रस्त्यावरचा विली जॉन्सन सूर्यमालेबाहेर एकाच तबकडीवर आहेत, हे आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. तिने दोन्ही पुन्हा लावायला सांगितलं, आधी विली, मग केसरबाई.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

गिटार आली तेव्हा तिसरी तार झणझणायची आणि एकूण आवाज बसका होता. विकणाऱ्याचं उत्तर आलं की रेझोनेटर अशीच वाजते. तशी ती वाजत नाही. मुंबईतल्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली, त्याने वरची जाळीदार झाकणी उघडली, तर कोनाची कड एका बाजूला दबलेली आणि कोन खाचेत नीट बसलेलाच नाही. अमेरिकेहून हाताने घडवलेला कोन मागवला. कस्टम्स धरून तो गिटारीच्या किमतीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाला पडला आणि यायला दीड महिना लागला. बसवल्यावर झालेला फरक आईलाही आतल्या खोलीतून कळला. स्वस्तातली रेझोनेटर घेणार असाल तर कोनाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली ती तुम्ही करू नका. साफसफाईसाठी मी सगळ्या तारा एकदम काढल्या. बिस्किट ब्रिजमध्ये कोन कशालाही चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच तो जागेवर राहतो. तारा निघाल्या, कोन सरकला, घोडी तिरकी झाली आणि बाराव्या पडद्यावरचे सूर खोटे लागायला लागले. परत दुरुस्तीवाल्याकडे. आता तारा बदलते त्या एकेक करून. झणझण ऐकू आली तर आधी झाकणीचे स्क्रू आणि तारा अडकवायची मागची पट्टी तपासा. माझ्याकडे तीनदा तेवढ्यानेच काम झालं.

पावसाळ्यात पत्र्याला काही झालं नाही, मानेला झालं. ओलीने लाकूड फुगून तारा उंच झाल्या, मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेऱ्याने घट्ट करावा लागला, आणि हिवाळ्यात तेवढाच परत सैल. तारा तेरा ते छप्पनच्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लावते; याहून बारीक असतील तर स्लाइड पडद्यांवर आपटते. जुलै-ऑगस्टमध्ये साध्या तारा तीन आठवड्यांत गंजल्या, लेप दिलेल्या दोन महिने टिकल्या. मे महिन्यात कोपराचा घाम लागून निकेलवर डाग पडतात. वाजवून झाल्यावर मऊ सुती पंचाने पुसते, बस. देवाची भांडी घासायची पावडर चुकूनही लावू नका. वरचा थर पितळेचा नाही, निकेलचा आहे, आणि घासला की तो जातो.

पहिलीच गिटार म्हणून ही घेऊ नका. फिल्मी गाण्यांची साथ करायची असेल तर लाकडी गिटारच बरी. इथे कॉर्ड छेडले की खणखणाट होतो. मी नुकत्याच एका घरगुती बैठकीत भावगीताला साथ करून पाहिली आणि दुसऱ्या कडव्याला गिटार बदलली.

सध्या फ्रेड मॅकडॉवेलपाशी अडकले आहे. मिसिसिपीतल्या कोमो गावचा हा शेतकरी लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९५९मध्ये ध्वनिमुद्रित केला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. तो ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेले शब्द स्लाइडवर म्हणतो, अंगठा मात्र एकदाही चुकत नाही. स्लाइड वर गेली की माझा अंगठा अडखळतो. आई समोर बसून मांडीवर ताल धरते, आणि अंगठा चुकला की तिचा हात थांबतो. मग पुन्हा पहिल्यापासून.