ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला म्हणून लगेच इंजिन खोलू देऊ नका

जुना ट्रक, जुनी जीप, जुनी डिझेल गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हडपसर-सासवड रस्त्यावरच्या एका गॅरेजने इंजिन बांधायचे, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून परत जोडायचे, म्हणून माझ्याकडून ६४,००० रुपये घेतले. इंजिन बांधलंच नाही. बिघाड एका वायरचा होता आणि तो मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सापडला होता. तक्रार दाखल केली आहे, म्हणून गॅरेजचं नाव इथे देत नाही.

गाडी १९६७ची टाटा-मर्सिडीज, लांब नाकाची. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, त्यामुळे आमच्या जाळीवर अजून तारा आहे. थोरल्या काकांनी तिच्यातून आधी भवानी पेठेत आणि नंतर मार्केट यार्डात गूळ वाहिला. आता ती धंद्यावर नाही. दसऱ्याला पूजा आणि वर्षातून एखादी जेजुरी, एवढंच तिचं काम. ऑइल प्रेशरचा मूळचा नळीचा मीटर काकांच्याच काळात गेला आणि त्या जागी बाजारातला विजेवरचा मीटर बसला. सगळं रामायण त्यावरून घडलं.

दिवे घाट चढताना काटा चार किलोवरून (चौरस सेंटिमीटरला चार किलो दाब) एकदम शून्यावर पडला. खड्डा आला की पडायचा, सपाट रस्ता लागला की परत वर. मी इंजिन बंद केलं, डिपस्टिक पाहिली, तेल पुरेसं होतं. इंजिनाचा आवाजही नेहमीसारखाच. तरी सासवडच्या बाजूला उतरून पहिलं गॅरेज गाठलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं हात घातला आणि तोंड पाडून म्हणाला, ‘‘दादा, बेअरिंग बसलंय. अजून दहा किलोमीटर चालवली असती तर क्रँकच गेला असता. देवानेच इथं आणलं तुम्हाला.’’ मग गाडी चालू करून काटा दाखवला. शून्य. वायर हाताने कुठेतरी दाबून धरली की तो शून्य दाखवता येतो, हे मला पुढे कळलं.

मग त्याने काम सांगितलं: क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) उतरवून घासायचा, त्याचे मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग नवे, ऑइल पंपाचं किट, वर मजुरी. बिल म्हणून मिळाली ती कच्ची पावती, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर. ‘‘पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वाढतील,’’ हे वाक्य पुण्यात कोणी ऐकलं नसेल असं नाही. जुने भाग मात्र मी मागून घेतले आणि त्याने ते हसत हसत पोत्यात बांधून दिले. वर आदर म्हणून चहाही पाजला.

गाडी आली, काटा चार किलोवर. महिन्याभरात पुन्हा तेच. फोन केला तर म्हणाला, ‘‘आता पंपच बदलावा लागेल, किटने भागत नाही.’’ आणखी तीस हजार. तेव्हा मी चिंचवडच्या अण्णांना घरी बोलावलं. अण्णा टेल्कोतून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी पोतं ओतायला सांगितलं आणि अर्धगोल बेअरिंग फरशीवर मांडून मोजू लागले. ‘‘सहा सिलिंडरची गाडी आहे ना तुझी? सहा रॉड, प्रत्येकाला दोन अर्धे, म्हणजे कनेक्टिंगचे बारा पाहिजेत. इथं आठच आहेत.’’ पोत्यात कुठल्यातरी चार सिलिंडरच्या गाडीचा माल भरला होता.

मग ते गाडीखाली गेले. क्रँक घासायला इंजिन बाहेर काढावं लागतं. आमच्या इंजिनाच्या माउंटिंगच्या बोल्टांवर जुना रंग जसाच्या तसा होता, सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) बोल्टांवर वर्षानुवर्षांची चिकट काजळी, एकाही डोक्याला पाना लागल्याची खूण नाही. शेवटी त्यांनी सेंडरपासून, म्हणजे इंजिनावरच्या दाब मोजणाऱ्या भागापासून, मीटरकडे निघणारी वायर हाताने चाचपत नेली. एक्झॉस्टजवळच्या क्लॅम्पखाली तिच्यावर नवी काळी टेप गुंडाळलेली होती. उष्णतेने गोंद सुटून ती सरकली होती आणि खालची उघडी तार पत्र्याला टेकत होती. मला सगळ्यात जास्त संताप या टेपचा आला. ती गुंडाळणाऱ्याला दोष नेमका कुठे आहे ते ठाऊक होतं.

हे मीटर कसे चालतात ते कळलं की असली फसवणूक अवघड होते. नळीच्या मीटरमध्ये तेल स्वतःच बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं. आतली वाकडी पोकळ नळी दाबाने उलगडू पाहते आणि काटा ओढते. विजेच्या मीटरमध्ये तेल इंजिनाच्या ब्लॉकवरच्या सेंडरपर्यंतच जातं. दाब वाढेल तसा सेंडरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि मीटर तेवढाच वाचतो. आमचा सेंडर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम अशा जातीचा आहे. त्यामुळे वायर पत्र्याला टेकली की काटा शून्यावर, वायर तुटली की शेवटच्या आकड्यावर. अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ ओहमचे सेंडर याच्या बरोबर उलटे वागतात. मीटर एका जातीचा आणि सेंडर दुसऱ्या जातीचा बसवला, तर इंजिन कितीही ठणठणीत असो, काटा खोटंच बोलणार. बरेच सेंडर चुडीतूनच (आट्यांतूनच) अर्थिंग घेतात. तिथे टेफलॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा वाटेल तसा भटकतो.

काटा पडला तर इंजिन ताबडतोब बंद करा, त्यात हयगय नको. प्रेशर खरंच गेलं असेल तर काट्याबरोबर आवाजही येतो: आधी वरून टकटक, मग खालून जड ठोका. शिवाय खरं प्रेशर खड्ड्यागणिक पडत आणि उठत नाही, हे मला एरवी कोणीच सांगितलं नव्हतं. (घाटात तेल कमी असेल आणि पंपाला हवा लागली तर काटा हलतो. म्हणून डिपस्टिक आधी.) इंजिन तापल्यावर आयडलला काटा खाली येणं हा रोग नव्हे, तेल पातळ होतं. गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा. तो हाताशी नसेल तर हजार आरपीएमला दहा पाउंड, म्हणजे सुमारे ०.७ किलो, हा जुन्या मिस्त्र्यांचा ठोकताळा चालतो.

खरी परीक्षा अण्णांनी पुढच्या रविवारी केली. सेंडर काढला, त्याच भोकात नाना पेठेतून आणलेला नळीचा मीटर लावला आणि इंजिन चांगलं तापू दिलं. आयडलला दीड किलो, रेसवर चार. जुन्याच बेअरिंगवर! वायर बदलून, स्लीव्ह घालून क्लॅम्प दूर सरकवला. खर्च दोनशे रुपयांच्या आत. कोणी इंजिन खोलायचं म्हणालं तर ही परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. नकार देणाऱ्याकडून गाडी बाहेर काढा, टोइंगचे पैसे गेले तरी चालतील.

फोटो आणि पोतं घेऊन मी गॅरेजवर गेलो. मिस्त्री आधी म्हणाला, पोऱ्याने पोती अदलाबदल केली असतील. बोल्टांवरचा रंग दाखवल्यावर म्हणाला, ‘‘दादा, मिटवून टाका, पुढच्या कामाला मजुरी घेत नाही.’’ पैसे मी ऑनलाइन दिले होते, त्यामुळे पावती कच्ची असली तरी व्यवहार नाकारता आला नाही. नोटीस पाठवून पंधरा दिवस थांबलो आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. गाडी नफ्याच्या धंद्यावर असेल तर ‘व्यापारी वापर’ म्हणून समोरचा अडवू शकतो, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्याने सूट आहे. आमची गाडी घरगुती, म्हणून तो प्रश्न आला नाही.

नोटिशीला त्याचं उत्तर आलं आहे. त्यात लिहिलंय, इंजिन खोलण्याचा आग्रह ग्राहकाचाच होता.