पेशीसंवर्धनाचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण : हाताला वळण लावणारा वर्ग

जैवअभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा पेशीच्या आवरणातून एखादा रेणू आत कसा शिरतो, हे मला फळ्यावर समीकरणासह मांडता येत होते. जिवंत पेशींचा फ्लास्क मात्र मी एकदाही स्वतः हाताळलेला नव्हता. वीस जणांच्या घोळक्यात मागे उभे राहून पाहिलेली प्रात्यक्षिके मुलाखतीत कामाला येत नाहीत. म्हणून पुण्यातील एका खासगी केंद्रात २५,००० रुपये भरून प्राणिपेशी संवर्धनाचा, म्हणजे प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचा, वर्ग केला.

पहिला आठवडा पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) धरणे, ७० टक्के अल्कोहोलने हात आणि बाटल्या पुसणे आणि बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (गाळलेली हवा खेळवणाऱ्या निर्जंतुक कपाटात) हालचाली आवरत्या ठेवणे यांतच गेला. तेव्हा कंटाळा आला होता, पण पुढे एकही फ्लास्क जंतू शिरून गढूळ झाला नाही, तो त्याच आठवड्यामुळे.

दुसऱ्या आठवड्यात हेला पेशी हाती आल्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतून त्यांच्या संमतीविना घेतलेल्या या पेशी आज जगभर वाढवल्या जातात, ही हकीकत प्रशिक्षिकाबाईंनी फ्लास्क देण्याआधी सांगितली आणि ते मला फार योग्य वाटले. याच पेशी निष्काळजीपणामुळे इतर पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरून त्यांची जागा घेतात आणि संशोधक भलत्याच पेशींवर प्रयोग करत राहतात. त्यामुळे दोन प्रकारच्या पेशींच्या बाटल्या कॅबिनेटमध्ये एकत्र ठेवायच्या नाहीत, हा नियम त्यांनी कारणासह शिकवला.

फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवण्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर घालतात. त्याआधी जुने मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, काढून पेशी बफरने (क्षारांच्या द्रावणाने) धुवाव्या लागतात, कारण मीडियातील सीरम (रक्तापासून मिळणारा द्रव) ट्रिप्सिनची क्रिया रोखते. पुस्तकात हे एका ओळीत असते. माझ्याकडून धुणे अर्धवट राहिले, पाच मिनिटे झाली तरी पेशी सुटेनात, आणि घाईघाईने मी आणखी ट्रिप्सिन ओतायला गेले, तेव्हा बाईंनी बाटली खाली ठेवायला लावून फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगितले. पेशी तशाच पसरट, तळाला घट्ट धरून होत्या. नीट धुऊन नवे ट्रिप्सिन घातल्यावर दोन-तीन मिनिटांत त्या गोल होऊन तरंगू लागल्या. विद्यार्थ्याला चूक करू देणे, ती त्याच्याच डोळ्यांना दाखवणे आणि तीच कृती पुन्हा करून घेणे, यासाठी लागणारा धीर या केंद्राकडे आहे आणि दिलेल्या पैशांचे चीज तिथेच होते.

पेशी मोजण्याचा सरावही असाच कसून घेतला जातो. मेलेल्या पेशी ट्रायपॅन ब्लू या रंगाने निळ्या होतात, जिवंत पेशी रंग घेत नाहीत. हिमोसायटोमीटर या चौकोन आखलेल्या काचपट्टीच्या चार कोपऱ्यांतील चौकोनांमधील पेशींची सरासरी काढून तिला १०,००० ने आणि पातळ केल्याच्या पटीने गुणायचे, म्हणजे एका मिलिलिटरमधील पेशींची संख्या मिळते. रेघेवर पडलेली पेशी मोजायची की सोडायची, यावरून आमचे आकडे सुरुवातीला एकमेकांशी जुळतच नव्हते. चौथ्या आठवड्यापर्यंत ते जुळू लागले.

उणीव नोंदींच्या शिक्षणात आहे, आणि ती मोठी आहे. प्रयोगाची वही रोज लिहून घेतली जाते, पण औषधनिर्मितीच्या कारखान्यात नोंद कशी ठेवतात, चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी सही, तारीख आणि कारण का लिहितात, ठरलेल्या पद्धतीपासून काम ढळले तर कोणाला आणि कधी कळवायचे, यावर एकही तास नव्हता. पुढे एका कंपनीतील मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका याच विषयावर आला आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. नवपदवीधराची पहिली नोकरी बहुधा अशाच विभागात असते. तेव्हा अभ्यासक्रमात याला निदान दोन दिवस मिळायला हवेत.

आठ जणांत एकच कॅबिनेट असल्याने शेवटच्या दोन आठवड्यांत ताटकळावेही लागले. सूक्ष्मदर्शकातील चित्रांवरून पेशींचे क्षेत्रफळ मोजण्यासाठी इमेजजे ही विनामूल्य संगणकप्रणाली अर्ध्या दिवसात उरकली, तीही उगाच घाईत.

तरीही ज्यांची पदवी पुस्तकी राहिली आहे, त्यांना हा वर्ग मी मनापासून सुचवते. पैसे भरण्याआधी मात्र बॅचमध्ये किती जण आहेत, कॅबिनेट किती आणि प्रत्येकाला स्वतःचा फ्लास्क शेवटपर्यंत सांभाळायला मिळणार का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत.