दोनदा परत आलेली भिंगरी आणि तिला आमच्या घरी पाठवणारे निवारा केंद्र

भिंगरी ही आमची कुत्री आमच्याकडे येऊन पाच महिने झाले. त्याआधी दोन घरांनी तिला नेले होते आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडले होते, एकदा नऊ दिवसांत आणि एकदा महिन्याभराने. हे मला केंद्रातल्या दत्तक विभागाच्या ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, मी विचारायच्या आधी. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहिते आहे. तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. वजन सतरा किलो, अंग काळे, छातीवर पांढरा ठिपका. पिंजऱ्यावरच्या कार्डावर दोनच शब्द होते: ‘अतिशय उत्साही’. आम्ही समोर उभे राहिलो तर ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. डावीकडून, सतत डावीकडूनच. फरशीवर तिच्या पंजांनी घासून एक पुसट वर्तुळ उमटले होते. माझा बारा वर्षांचा मुलगा खूश होऊन म्हणाला, ‘‘आई, कशी नाचतेय बघ!’’ ताई त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नाचत नाहीये रे बाळा. तिला इथलं राहणं सोसत नाहीये.’’ भिंगरी हे नाव तिला त्या फिरण्यावरूनच पडले होते.

मग त्यांनी एक वही उघडली आणि तिची नोंद वाचून दाखवली. माणूस दिसला की उडी मारते. बाही तोंडात धरते, दात लावत नाही पण सोडतही नाही. पट्टा बांधला की दोरी चावते. एकटी राहिली की दार खरवडते. माणसावर कधी गुरगुरलेली नाही. भांड्याजवळ हात नेला तर चालतो. दुसऱ्या कुत्र्यांशी खेळते, मात्र कुठे थांबायचे ते तिला कळत नाही. कोणत्या स्वयंसेवकाने हे कधी पाहिले, तेही तारखेसकट लिहिलेले होते. मी कपडे शिवते, मापाच्या वहीची किंमत मला कळते. ज्याने असे नोंदून ठेवले आहे त्याने त्या जिवाकडे नीट पाहिले आहे, हे मला तिथेच पटले.

मी लगेच ‘देऊन टाका’ म्हणाले. त्यांनी दिली नाही. घरातली सगळी माणसे येऊन भेटल्याशिवाय अर्जसुद्धा घेत नाहीत, म्हणाल्या. आमच्याकडे सासूबाई आहेत, एकोणऐंशी वर्षांच्या, काठी घेऊन चालतात. सतरा किलोच्या कुत्रीने त्यांच्यावर उडी घेतली तर काय, हा प्रश्न माझ्या मनात होता पण मी तो बोलून दाखवला नव्हता. ताईंनी काठीचे ऐकल्याबरोबर तोच विचारला.

चार दिवसांनी आम्ही सगळे गेलो. मागच्या अंगणात सासूबाईंना खुर्चीवर बसवले. भिंगरीला आधी एका स्वयंसेवक मुलाने अर्धा तास फिरवून आणले होते, आणि मोकळे न सोडता लांब दोरीवर ठेवले होते. काठी जमिनीवर आपटली की आवाज होतो, त्याला ती दचकली. मग त्या मुलाने काठी आडवी ठेवली, तिला हुंगू दिली, उचलली, टेकवली, आणि दर वेळी चारही पाय जमिनीवर असतील तरच खाऊ दिला. वीस मिनिटे हेच चालले होते. आमचे हे घड्याळाकडे बघायला लागले होते. शेवटी ती सासूबाईंच्या पायाशी पोट टेकून बसली. सासूबाई तिला म्हणाल्या, ‘‘दमलीस होय?’’ आणि घरी येताना रिक्षात त्यांनीच विषय काढला की तिचे अंथरूण कुठे टाकायचे.

घर बघायला केंद्रातले एक दादा आले होते. मला वाटले होते ते कुंपण बघतील, गच्चीचा कठडा बघतील. तेही बघितलेच. पण माझ्या शिवणाच्या खोलीत आल्यावर ते गुडघे टेकून खाली बसले आणि कुत्र्याच्या उंचीवरून खोली पाहिली. टेबलाखाली, मशीनच्या पायडलमागे, कपाटाच्या फटीत हात घालून त्यांनी टाचण्या काढल्या. अकरा. मी रोज झाडते त्या खोलीत अकरा टाचण्या. शिवाय त्यांनी मला दोऱ्याबद्दल सांगितले, जे मला अजिबात ठाऊक नव्हते. टाचणीपेक्षाही गिळलेला लांब दोरा वाईट. त्याचे एक टोक कुठेतरी अडकते आणि आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होत जाते, मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, तसेच डॉक्टरकडे न्यायचे. चुणी कशी पडते हे मला कोणी शिकवायला नको. त्या दिवसापासून खोलीच्या दाराला कमरेएवढे फाटक आहे आणि माझ्या हाताशी लोहचुंबक.

त्यानंतर तीन आठवड्यांचा ‘राहून बघा’ काळ. कागद केंद्राच्या नावावर, कुत्री आमच्याकडे. पहिले तीन दिवस बुजण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने आपलेसे होण्याचे, असा ढोबळ हिशेब त्यांनी सांगितला, आणि हा नियम नव्हे, अंदाज आहे, हेही सांगितले. निवाऱ्यातल्या कुत्र्याला एक-दोन रात्री घरात झोपायला मिळाले तरी त्याच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक कमी होते, असे अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमध्ये झालेल्या २०१९ च्या अभ्यासात दिसले होते. परत आणल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखे होते. ताईंनी हे सांगितल्यावर मला फरशीवरचे ते वर्तुळ आठवले.

पहिला आठवडा मात्र फार कठीण गेला, आणि चूक माझीच होती. मला वाटले, एवढी ताकद आहे तर ती जिरवली पाहिजे. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास चालवले. शिवाय मुलाने चेंडू फेकला. चौथ्या दिवशी ती रात्री अकरा वाजता सोफ्यावरून जमिनीवर, जमिनीवरून पलंगावर धावत होती. माझी बाही कोपरापर्यंत ओली, टेप बेचाळीस इंचावर तोडलेली, आणि सासूबाई खोलीचे दार लावून बसलेल्या. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आधीच्या दोन घरांनी का परत केले असेल, ते मला त्या क्षणी समजत होते.

सकाळी केंद्राच्या वर्तन-मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: ती झोपते किती? मला सांगता येईना. ‘‘आजचा दिवस लिहून काढा,’’ म्हणाल्या. मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. बेरीज आली साडेआठ तास. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला साधारण बारा ते चौदा तास झोप लागते, तरुण कुत्र्याला त्याहूनही जास्त लागू शकते. माझी भिंगरी अतिदमलेल्या बाळासारखी झाली होती आणि मी तिला अजून दमवत होते. उलट करा, असे त्यांनी सांगितले. फिरणे चाळीस मिनिटांवर आणा, पण त्यात तिला मनसोक्त हुंगू द्या. एका झाडाशी पाच मिनिटे थांबली तर थांबा. चेंडू बंद. दुपारी तिला एका कोपऱ्यात, आडोशाला, कोणी येणार-जाणार नाही अशा जागी झोपवा.

आडोसा म्हणजे पडदा, आणि पडदा म्हणजे माझे काम. जाड सुती कापडाचा दुहेरी पडदा शिवून जिन्याखालच्या कोपऱ्याला लावला. पहिल्या दुपारी ती आत उभीच राहिली. मी बाहेर जमिनीवर बसून काज-बटण करत राहिले. पाऊण तासाने आतून एक लांब उसासा आला आणि अंग टेकल्याचा धप्प आवाज झाला. त्या दिवशी ती तीन तास झोपली. दहा दिवसांनी वहीतली बेरीज चौदावर गेली. बाही धरणे पूर्ण गेले नाही, पण आता ती धरायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मी हात मोकळा सोडून स्तब्ध उभी राहिले की जाऊन आपली दोरीची गाठ घेऊन येते.

वयात येताना कुत्री ऐकेनाशी का होतात, याचेही उत्तर त्याच बाईंनी दिले. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले होते की आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या मानाने आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकते, अनोळखी माणसाचे मात्र ऐकते. हे वय सरते. केंद्रात परत येणारी बरीचशी कुत्री याच वयाची असतात, असे त्या म्हणाल्या, आणि फोनवर क्षणभर काही बोलल्या नाहीत.

आता तक्रार. सहाव्या आठवड्यात, दत्तकाचे कागद झाल्यानंतर, ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईंच्या पायांमधून भिंगरी बाहेर सुटली. गळपट्टा मी नुकताच धुऊन वाळत टाकला होता. तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली मायक्रोचिप आहे म्हणून मला धीर होता. कोणा भल्या माणसाने तिला जवळच्या दवाखान्यात नेलेही, चिप वाचली, पंधरा आकडी क्रमांक मिळाला. त्या क्रमांकापुढे नाव निघाले ते तिला महिन्याभराने परत करणाऱ्या घराचे. त्यांना फोन गेला, ते म्हणाले ती आता आमची नाही, आणि तिथे धागा तुटला. चार तासांनी ती सापडली, तीही मुलाने दवाखान्यांना एकेक करून फोन लावले म्हणून. चिप म्हणजे कुत्रा कुठे आहे हे दाखवणारे यंत्र नव्हे. तो फक्त एक क्रमांक असतो, आणि त्यापुढची नोंद चुकीची असेल तर तो मुका आहे. ही नोंद बदलणे केंद्राचे काम होते. वहीत बाहीपासून भांड्यापर्यंत सगळे लिहिणाऱ्या माणसांकडून हे सुटावे, याचे मला फार वाईट वाटले, आणि मी ते तिथे जाऊन बोलले.

त्यांनी सबब सांगितली नाही. ताईंनी माझ्यासमोर नोंद बदलली आणि गेल्या वर्षभरात परत येऊन पुन्हा गेलेल्या सगळ्या कुत्र्यांचे क्रमांक तपासायला काढले. तरी तुम्ही तिथून कुत्रा आणलात तर चिपची नोंद स्वतः डोळ्यांनी बघा, टेबलावरून उठायच्या आधी. आणि गळपट्टे दोन ठेवा. मी दोन्हींवर आमचा फोन नंबर मशीनने भरतकाम करून घेतला आहे.

बाकी बारीकसारीक: त्यांनी दिलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, सैल होता, ती मागे सरकली की डोके निघायचे, मी तो दीड इंच आत घेतला. लांब दोरी नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावायची, गळ्याला नाही, हे त्यांनी दोनदा बजावले ते बरे केले, कारण ती धावत जाऊन टोकाला पोचली की काय झटका बसतो ते मी पाहिले आहे. लसीकरणाचे आणि निर्बीजीकरणाचे कागद चोख होते. वर्तन-मदतीचा फोन सुट्टीच्या दिवशी उचलला जात नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात पाहुणे असतात. पाचपैकी चार तारे देते. पाचवा चिपमुळे अडला.

भिंगरी आता गोल फिरत नाही. शेवटचे कधी फिरली ते सांगता येत नाही, कारण ती थांबल्याचे माझ्या लक्षात यायलाच आठ-दहा दिवस लागले. नाव मात्र आम्ही बदलले नाही. काठीचा आवाज आला की ती उठते, बाजूला होते, आणि सासूबाई खुर्चीत बसल्या की त्यांच्या डाव्या पायाशी येऊन पोट टेकते.

गेल्या आठवड्यात उरलेल्या कापडाच्या घड्या केंद्रात पोचवायला गेले होते. त्याच रांगेत आता दीड वर्षाचा एक तपकिरी कुत्रा आहे, कान अर्धे दुमडलेले, कार्डावर तेच दोन शब्द. जायचे असेल तर चारनंतर जा, तेव्हा तो फिरून आलेला असतो आणि तुमच्याकडे बघायला त्याला सवड असते. ताईंना त्याची वहीतली नोंद वाचून दाखवायला सांगा.