जिनिंगचं फॉक्सप्रो ठेवावं की पोस्टग्रेसवर जावं?

आमच्या यवतमाळकडं जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), कृषी केंद्र, कुठलंही हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं की खाली बहुतेक फॉक्सप्रो हा जुना डेटाबेसच निघतो, आणि चालू आहे तर बदलायचं कशाला हा मालकाचा प्रश्न काही चुकीचा नाही. पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस, मी दोन्हीवर काम केलंय. फॉक्सप्रोत ब्राउझ कमांड मारली की डेटा समोर, सेठनी सकाळी मागितलेला रिपोर्ट दुपारी हातात. पोस्टग्रेसला आधी सर्व्हर, युजर, बॅकअप सगळं बसवा, मग काम. व्हिज्युअल फॉक्सप्रो या शेवटच्या रूपाचाही मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट २०१५ मधेच संपला, फॉक्सप्रोच्या टेबलाला २ जीबीची मर्यादा आहे, पण एका जिनिंगला ती बहुधा आड येत नाही.

मला नडलं ते लाईन जाणं. ऐन हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग, गाड्या मोजायच्या काट्यावरचं आणि ऑफिसातलं मशीन एकाच शेअर फोल्डरमधल्या डीबीएफवर (फॉक्सप्रोच्या टेबलाच्या फायलीवर) लिहितायत आणि लाईन गेली. ऑफिसात इन्व्हर्टर असतो, काट्यावरच्या यूपीएसची बॅटरी कवाची बसलेली. फॉक्सप्रोत फायलीत लिहायचं काम ते काट्यावरचं मशीनच करतं, ते अर्ध्यात बंद पडलं की रेकॉर्ड टेबलात गेलं पण इंडेक्सात, म्हणजे शोधायच्या सूचीत, नाही अशी गत होते. सरळ एरर आला तर परवडला, पण कधी काहीच न सांगता बिघडतं, पावती शेतकऱ्याच्या हातात आणि नावानं शोधलं तर त्याची गाडीच सापडत नाही. मग सगळ्यांना बाहेर काढा, टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्यापुरतं, उघडा, इंडेक्स नव्यानं बांधा, तोवर काटा बंद. पहाटेपासून कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं?

पोस्टग्रेसमधे लिहितो फक्त सर्व्हर, आणि तोही बदल आधी लॉगमधे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, टाकतो. काट्यावरचं मशीन मधेच गेलं तर अर्धी नोंद रद्द होते, सर्व्हरच गेला तर चालू झाल्यावर लॉग वाचून स्वतःच सावरतो. आम्ही बदलल्यापासून तरी इंडेक्ससाठी काटा थांबला नाही. शिवाय मराठी नावं युनिकोडमधे नीट राहतात, फॉक्सप्रोत ती फॉन्टच्या भरवशावर असतात.

तरी सगळं एकदम फेकू नका. डेटा आधी पोस्टग्रेसवर हलवा, व्हिज्युअल फॉक्सप्रोतल्या जुन्या स्क्रीन ३२ बिटच्या ओडीबीसी ड्रायव्हरनं (दुसऱ्या डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यानं) त्यालाच जोडता येतात, फक्त जिथं यूज आणि सीक (टेबल उघडायची आणि त्यात शोधायची कमांड) थेट टेबलावर आहे तिथला कोड बदलावा लागतो आणि ते काम थोडं नाही. एकच मशीन, एकच माणूस आणि यूपीएस धड असेल तर माझ्या मते फॉक्सप्रो राहू द्या. दोन मशीन असतील तर मात्र दसऱ्याच्या आत, कापूस यायच्या आधी उरकून घ्या.