लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडला: साफ करायचा, बदलायचा की बाहेरचा जोडायचा?

कीबोर्ड चालेनासा झाला की पुढे मार्ग चारच उरतात. सेटिंग आणि ड्रायव्हर (विंडोजला कीबोर्ड ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम) तपासणे, बटणांखालची सफाई करणे, कीबोर्ड बदलणे, किंवा आहे तो तसाच सोडून बाहेरचा जोडणे. यातला कोणता निवडायचा हे लॅपटॉप किती जुना आहे यापेक्षा नेमकी कोणती बटणं बंद आहेत यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या आधी कागद-पेन घ्या आणि बंद बटणांची यादी करा.

यादी करायची सोपी युक्ती: विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, तिथे अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा आणि कीबोर्डच्या पानावरून ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालू करा. माऊसनेच सगळं होतं. आता खरं बटण दाबलं की पडद्यावरचं तेच बटण उजळतं. एकेक ओळ दाबत जा आणि न उजळणारी बटणं लिहून काढा. डावा आणि उजवा शिफ्ट वेगळे तपासायला विसरू नका.

यादी वाचायची कशी

कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पडद्यांवर चांदीयुक्त शाईने रेघा छापलेल्या असतात, काही आडव्या, काही उभ्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकतात आणि कंट्रोलर ही चिप त्या छेदावरून बटण ओळखते. या जोडपडद्याला मेम्ब्रेन म्हणतात. एक रेघ तुटली तर तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि गंमत म्हणजे ती कीबोर्डवर शेजारी-शेजारी असतीलच असं नाही.

त्यामुळे एकच बटण बंद असेल तर दोष त्या बटणापुरता आहे: खाली कचरा, फाटलेला रबरी कप किंवा मोडलेली बिजागरी. पाच-सात विखुरलेली बटणं एकदम गेली असतील तर मेम्ब्रेनमधली किंवा रिबन केबलमधली (कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) एक रेघ गेली आहे. एक दाबल्यावर दोन अक्षरं उमटत असतील तर दोन रेघा आतून जोडल्या गेल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यामागे सांडलेला द्रव असतो. सगळाच कीबोर्ड एका क्षणी गेला असेल तर आश्चर्य वाटेल, पण हा प्रकार बऱ्याचदा नवा कीबोर्ड न घेताही सुटतो, कारण सगळी बटणं एकाच वेळी झिजत नाहीत. तिथे संशय रिबनच्या जोडावर, ड्रायव्हरवर किंवा कंट्रोलरवर घ्यायचा.

एक लक्षण मात्र कीबोर्डचं नसतंच. मधली बटणं ताठ झाली, टचपॅड दाबला जाईना, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, असं असेल तर आतली बॅटरी फुगून कीबोर्डला खालून ढकलते आहे. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलल्याशिवाय पुन्हा वापरू नका. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर

हा फरक दोन चाचण्यांत कळतो. पहिली, कुठलाही यूएसबी कीबोर्ड जोडा. त्याच्यावरही तोच गोंधळ होत असेल आणि आतलं एखादं बटण दाबलेलंच राहिलेलं नसेल, तर लॅपटॉपच्या कीबोर्डचा दोष नाही. दुसरी, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा. लॅपटॉप चालू करताना एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप, कंपनीनुसार जे असेल ते. ते बटणच मेलं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधल्या रिकव्हरीच्या पानावरून अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअपने यूईएफआय सेटिंग, म्हणजे बायोसचंच नवं रूप, उघडता येतं. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर चालत नाही. तिथे बटणं व्यवस्थित चालली आणि विंडोजमध्ये नाही, तर हार्डवेअर ठीक आहे. बायोसमध्येही मेलेलीच असतील तर ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअरकडे बोट गेलं तर या गोष्टी या क्रमाने पाहा. उजवा शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवला तर फिल्टर कीज चालू करायची सूचना येते. चुकून होकार दिला गेला की हलकेच दाबलेली बटणं विंडोज सोडून देते आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. लहान लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ येत असतील तर नमलॉक चालू आहे. अवतरणचिन्हाच्या जागी अ‍ॅटचं चिन्ह येत असेल तर लेआउट अमेरिकन ऐवजी ब्रिटिश झाला आहे. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून तो फिरवता येतो.

हे सगळं ठीक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या नोंदीवर राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर स्वतः परत बसवते. पासवर्ड टाकायची चिंता नको, लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हात ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या नोंदीवर पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर बऱ्याचदा काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा उरलेला फिल्टर ड्रायव्हर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, अडकलेला असतो. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी सिस्टिम रिस्टोरने जुन्या तारखेला जाऊन पाहणं जास्त सुरक्षित.

आणि एक फुकटचा उपाय, जो पूर्ण बंद पडलेल्या कीबोर्डवर आधी करूनच पाहावा: लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून ठेवा. कीबोर्ड वाचणारा एंबेडेड कंट्रोलर यातून रीसेट होतो.

सफाई: कुठे उपयोगी, कुठे वेळेचा अपव्यय

एखाद-दुसरं बटण अडकतं, चिकटतं किंवा दोनदा उमटतं, तिथे सफाई पहिली. लॅपटॉप बंद करून साधारण ७५ अंशांत, म्हणजे जवळजवळ उभा, धरा आणि दाबयुक्त हवेचा डबा डावीकडून उजवीकडे फिरवा. मग लॅपटॉप एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर वळवून तेच करा. डबा मात्र सरळच राहू द्या. उलटा धरला तर हवेऐवजी आतला बर्फासारखा थंड द्रव बाहेर येतो.

तेवढ्याने भागलं नाही तर बटणाची टोपी काढावी लागते, आणि इथेच घाई नडते. टोपीखाली कात्रीसारखी दोन पात्यांची बिजागरी असते. तिच्या एका बाजूचे हूक सरकून निघतात, दुसऱ्या बाजूचे वर उचलून, आणि कुठली बाजू कशी हे मॉडेलप्रमाणे बदलतं. आधी कमी वापरातल्या बटणावर सराव करा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली धातूची तारही असते. ती वाकली की बटण एका बाजूने कलतं. टोपी निघाल्यावर ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि १५ मिनिटं वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं. अ‍ॅपलच्या २०१५ ते २०१९ च्या बटरफ्लाय कीबोर्डवर टोपी काढण्याच्या फंदात पडू नये, ती बिजागरी फार नाजूक आहे.

बिजागरी मोडली असेल तर टोपी, बिजागरी आणि रबरी कप असा एका बटणाचा संच मिळतो. घेताना फोटो जुळवूनच घ्या. एकाच कीबोर्डवर दोन-तीन प्रकारच्या बिजागऱ्या असतात, आणि दिसायला जवळपास असलेली बसत नाही.

सफाईची मर्यादा इथे संपते. रेघ तुटलेली असेल किंवा मेम्ब्रेनच्या दोन पडद्यांमध्ये गोड चहा शिरला असेल, तर वरून कितीही अल्कोहोल लावलं तरी आत पोचत नाही. पडदे एकमेकांना चिकटवलेले आणि धातूच्या पत्र्याला पक्के केलेले असतात. उघडून रेघा जोडणारे हौशी आहेत, पण त्यात जाणारा वेळ पाहता तो मार्ग सुचवण्यासारखा नाही.

द्रव सांडलाय तो क्षण वेगळा. लगेच पॉवर बटण दाबून बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा आणि निदान ४८ तास चालू करू नका. तांदळात पुरून काही साधत नाही, आणि हेअर ड्रायरच्या उष्णतेने मेम्ब्रेन वाकतो. साधं पाणी असेल तर वाळल्यावर कीबोर्ड बरेचदा चालू होतो, पण नंतर काही दिवसांनी बटणं जायला लागू शकतात, कारण रेघा आतून गंजत राहू शकतात. म्हणून पाणी सांडल्यावर चालतोय म्हणून निश्चिंत राहू नका. मागचं झाकण उघडून मदरबोर्ड तपासून घ्या, कीबोर्ड त्याच्यापुढे किरकोळ आहे.

बदलायचा ठरला तर: स्क्रू की रिव्हेट

इथे निर्णय सुट्या भागाच्या किमतीवर नव्हे, तो कसा बसवलाय यावर घ्यायचा.

पहिला प्रकार वरून निघणारा. तळाच्या झाकणावर कीबोर्डच्या छोट्या चित्राची खूण असलेले एक ते पाच स्क्रू असतात. ते काढून वरच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी सरकवली की खटके सुटतात. जुन्या व्यावसायिक मॉडेलांत, थिंकपॅडच्या कित्येक मॉडेलांत, अशी रचना आहे. अर्ध्या तासाचं काम, घरी करता येण्यासारखं.

दुसरा प्रकार खालून बसवलेला. बारीक लॅपटॉप बहुतेक असेच. कीबोर्डपर्यंत पोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं काढावं लागतं, आणि मग दिसतं की कीबोर्ड डझनावारी प्लॅस्टिकच्या रिव्हेटनी, म्हणजे वितळवून चपट्या केलेल्या खुंट्यांनी, वरच्या पॅनेलला जोडलेला आहे. त्या कापून नवा कीबोर्ड बसवला तर तो बरेचदा मधे लवचिक राहतो, टाइप करताना दबतो. अशा मशीनमध्ये नुसता कीबोर्ड स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कीबोर्डसकट अख्खं सी पॅनेल (कीबोर्डभोवतीचं वरचं कवच) बदलणं महाग पडतं पण टिकतं. बहुतेक मॅकबुकमध्येही हाच मामला आहे, तिथे वरचं कवच आणि कीबोर्ड एकत्रच धरायचे. रिव्हेटवालं मशीन जुनं असेल, बॅटरीही दमलेली असेल, तर बदलण्यापेक्षा बाहेरचा कीबोर्ड शहाणपणाचा.

आपला प्रकार कोणता हे उघडण्याआधी कळतं: कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल पाहा. डेल, एचपी आणि लेनोव्हो ती आपल्या संकेतस्थळावर देतात. कीबोर्ड हा भाग यादीत पहिल्या काही पानांत निघत असेल तर वरून निघतो; मदरबोर्डनंतर येत असेल तर समजून जा.

वरून निघणारा बदलताना क्रम असा. पूर्ण शटडाउन, चार्जर बाजूला, बॅटरीचा जोड सोडवलेला. कीबोर्ड दोन-तीन सेंटिमीटरच उचला, झटका देऊ नका, खाली रिबन आखूड असते. जोडाची पट्टी एक तर वर उघडते, नाही तर बाहेर सरकते. कोणती ते बघून मगच नख लावा, ती मोडली तर मदरबोर्डचं काम निघतं. बॅकलाइट असेल तर दुसरी अरुंद रिबन असते. पूर्ण बंद पडलेल्या कीबोर्डमध्ये नवा भाग मागवण्याआधी जुनीच रिबन काढून, टोक पुसून, सरळ परत बसवून पाहा. रिबन तिरकी बसली की कडेच्या रेघा टेकत नाहीत आणि नव्या कीबोर्डचीही काही बटणं मेलेली दिसतात. म्हणून खटके दाबून बसवण्याआधी, नुसती रिबन जोडून, प्रत्येक बटण तपासा.

मागवताना लॅपटॉपचं नाव पुरत नाही. जुन्या कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबर घ्या आणि एंटरचा आकार, बॅकलाइट, चौकट, पॉवर बटणाची जागा जुळवा. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा. मात्र सांडलेल्या द्रवाचं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

बाहेरचा जोडून चालवणं

तीन प्रकारांत तारेचा यूएसबी सर्वांत भरवशाचा. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा बिनतारी कीबोर्ड, बायोसलाही यूएसबीच वाटतो, त्यामुळे तो सहसा तिथेही चालतो. ब्लूटूथ मात्र विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो. बिटलॉकरचा (विंडोजचं डिस्कचं कुलूप) पिन किंवा बायोसचा पासवर्ड टाकायचा असेल तर एकटा ब्लूटूथ कीबोर्ड अडचणीत आणतो.

एक-दोन बटणंच बंद असतील तर तेही नको. न वापरल्या जाणाऱ्या बटणाला त्यांचं काम द्या. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर सोपा आहे, पण लॉगिननंतरच लागू होतो. पासवर्डात तेच अक्षर असेल तर शार्पकीज हा प्रोग्रॅम वापरा, तो बदल रजिस्ट्रीत लिहितो आणि रीस्टार्टनंतर लॉगिनच्या पडद्यावरही चालतो.

बाहेरचा कीबोर्ड दोन ठिकाणी मात्र हरतो. आतलं एखादं बटण दाबलेलंच राहिलं असेल तर ते अखंड टाइप करत राहतं, आणि बाहेरचा जोडून ते थांबत नाही. आतली रिबन सोडवावीच लागते. आणि काही लॅपटॉपचं पॉवर बटण कीबोर्डवरच असतं. अशा मशीनची रिबन काढली तर लॅपटॉप चालू कशाने करणार, हे रिबनला हात लावण्याआधी ठरवा. काही मॉडेलांच्या बायोसमध्ये झाकण उघडताच किंवा चार्जर लावताच चालू होण्याची सोय असते. ती आधी सुरू करा, एकदा वापरून पाहा, आणि मगच मशीन उघडा.